आत्यांची चमकी आणि सी.टी. स्कॅनचे गणित

ज्या घरात कुणाचाच सी.टी. स्कॅन झालेला नाही असे घर आता विरळाच. 2020-21 च्या कोरोनाच्या दिवसांत तर परीक्षेचा निकाल विचारावा तसे आपण एकमेकींना ‘स्कोअर किती आला गं, पंचवीसपैकी?’ असे विचारत होतो. पण त्या मोठ्या कड्यासारख्या यंत्रात माणूस आत सरकवला की नेमके होते काय, हे आपल्यापैकी किती जणींनी विचारले? मीही कधी विचारले नव्हते. मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालेली. दुपारच्या शाळेत अर्धवेळ शिकवते नि बाकीचा दिवस घर. गणिताशी संबंध पाढ्यांपुरता आणि वाण्याच्या हिशेबापुरता. पण गेल्या वर्षी आमच्या घरात एक प्रसंग घडला नि विचारावेच लागले.

एक्स-रे चांगला आला, आणि तिथेच चुकले

आम्ही राहतो कबनूरला. इचलकरंजीला अगदी लागून, त्यामुळे मागांचा खडखडाट आमच्याही कानांच्या सवयीचा. श्रावणात आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, न्हाणीत पाय घसरून पडल्या. डोके भिंतीवर आपटले. टेंगूळ आले, पण रक्त नाही, उलटी नाही. उठून बसल्या नि म्हणाल्या, “काय झालं न्हाई गं, चहा टाक.” तरी आम्ही डोक्याचा एक्स-रे काढून आणला. हाड मोडलेले नव्हते. देवापुढे साखर ठेवली आणि सगळे निर्धास्त झालो.

गणपती आले नि गेले. तोवर आत्या काहीशा बदलल्या होत्या. आमटीत मीठ दोनदा पडे. नातीला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारत. दुपारी बसल्या बसल्या डोळा लागे. आणि सर्वांत चमत्कारिक म्हणजे डाव्या पायातली चप्पल वाटेतच निघून राहायची नि त्यांना पत्ताही नसायचा. शेजारच्या काकी म्हणाल्या, “वय झालं आता, असंच व्हायचं.” मीही तेच म्हटले. खोटे कशाला सांगू? मला वाटले, एक्स-रे तर चांगला आला होता, मग डोक्याला काही झालेले असणारच नाही.

शेवटी एका सकाळी त्यांना पेला हातात धरवेना. तेव्हा हे नि मी त्यांना घेऊन कोल्हापूर गाठले. डॉक्टरांनी सगळी हकिगत ऐकली, चपलेचे ऐकल्यावर मान हलवली नि म्हणाले, “लगेच सी.टी. करा.”

मी विचारले, “पण एक्स-रे चांगला होता की हो, डॉक्टर!”

ते म्हणाले, “एक्स-रे हाडाचा होता, बाई. मेंदूचा नव्हता.”

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले.

घडी घातलेली साडी

एक्स-रे म्हणजे सावली. 1895 च्या डिसेंबरात जर्मनीत रोंटगेन या शास्त्रज्ञाने आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले, ते आजही पुस्तकांत छापतात. त्यात बोटांची हाडे दिसतात नि एका बोटावर काळी ठसठशीत अंगठी. किरण मांसातून सहज पार जातात, हाड त्यांना बरेच अडवते आणि धातू तर जवळजवळ जाऊच देत नाही.

आता घडी घातलेली साडी उजेडासमोर धरा. कुठेतरी डाग दिसतो. पण तो पदरावरचा की निऱ्यांतला, सांगता येईल? साऱ्या घड्या एकावर एक आलेल्या असतात. डोक्याचेही तसेच. पुढचे हाड, मागचे हाड आणि मधला मऊ मेंदू, साऱ्यांची मिळून एकच सावली पडते. हाड इतके दाट की मेंदूचा नि रक्ताचा बारीक फरक त्या सावलीत बुडून जातो. म्हणून कवटी धड असून आत रक्त साचलेले असले, तरी साध्या एक्स-रेला ते कळत नाही.

मग घडी न उलगडता आतला डाग शोधायचा कसा? उत्तर असे, की एका बाजूने न पाहता सगळ्या बाजूंनी पाहायचे. यंत्राच्या कड्यात एका अंगाला किरण सोडणारी नळी असते नि समोरच्या अंगाला ते मोजणारी साधने. कडे माणसाभोवती फिरते आणि दर कोनातून सावली मोजली जाते. फोटो असा निघतच नाही. निघतात ते नुसते आकडे, लाखोंनी. त्या आकड्यांतून गणित करून चित्र उभे करावे लागते. सी.टी. मधल्या ‘सी’चा अर्थच मुळी संगणकाने केलेले.

लाडवांचे चार डबे

हे गणित कसे चालते ते मला समजले आमच्या शाळेतल्या कोड्यावरून. तुम्हीही कागद-पेन्सिल घ्या. स्वयंपाक आटपल्यावर दहा मिनिटांचे काम आहे.

चार डबे दोन ओळींत मांडले आहेत, वर दोन, खाली दोन. प्रत्येकात काही लाडू आहेत, पण झाकण उघडायचे नाही. तुम्हाला फक्त बेरजा सांगितल्या आहेत. वरच्या ओळीत मिळून 7, खालच्या ओळीत 9. डाव्या रांगेत 8, उजव्या रांगेतही 8. ओळखा पाहू! जमणार नाही, कारण याची उत्तरे एकाहून जास्त निघतात. आता तिरकी बेरीज सांगते. वरचा डावा नि खालचा उजवा मिळून 11, उरलेले दोन मिळून 5. आता उत्तर एकच.

ते काढायची एक सोपी रीत आहे. एकूण लाडू 16, म्हणून आधी प्रत्येक डब्यात 4 धरा. वरच्या ओळीची बेरीज आली 8, हवी 7, म्हणून तिथल्या दोन्ही डब्यांतून अर्धा अर्धा काढा. खालच्या ओळीत अर्धा अर्धा घाला. वर साडेतीन-साडेतीन, खाली साडेचार-साडेचार झाले. उभ्या रांगा तपासा, 8 नि 8, बरोबर. आता तिरके पाहा. पहिली तिरकी बेरीज 8 येते, हवी 11, म्हणून दोन्हींत दीड-दीड घाला. दुसरी 8 येते, हवी 5, म्हणून दीड-दीड काढा. झाले! वर 5 आणि 2, खाली 3 आणि 6. एकही झाकण न उघडता चारही डब्यांतले लाडू कळले.

अंदाज करायचा, बेरजेशी ताडून पाहायचा, चूक वाटून दुरुस्त करायची नि पुन्हा ताडायचा. डोक्याच्या आडव्या कापाचे असेच बारीक चौकोन पाडतात, आणि लाडवांऐवजी प्रत्येक चौकोन किरण किती अडवतो हे शोधतात. इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंजिनिअरने बनवलेल्या पहिल्या यंत्रात एका कापाचे 80 गुणिले 80, म्हणजे 6400 चौकोन होते. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनजवळच्या एका रुग्णालयात त्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला. ती रुग्ण एक स्त्री होती. मेंदूतली गाठ डोके न उघडता दिसली! त्याआधी प्रयोगशाळेत हाउन्सफील्डला एका चित्रासाठी नऊ दिवस मोजमाप करावे लागले होते. हा गृहस्थ शेतकऱ्याचा मुलगा, विद्यापीठाची पदवी नसलेला आणि ग्रामोफोन कंपनीत नोकरीला. 1979 चे नोबेल पारितोषिक त्याला आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना मिळून मिळाले. कॉर्मॅकनी हेच गणित 1963 नि 1964 मध्ये छापले होते, तेव्हा फारसे कुणी लक्ष दिले नव्हते. आणि याची मूळ किल्ली योहान राडोन या गणितज्ञाने 1917 मध्येच शोधून ठेवली होती, कॉर्मॅकना त्याची गंधवार्ताही नव्हती.

रांगोळीची युक्ती, आणि एक भारतीय नाव

अंदाज-दुरुस्तीची रीत समजायला सोपी, पण वेळखाऊ. चार डब्यांचे ठीक, हजारो चौकोनांना त्या काळचे संगणक दमून जात. याहून झटपट रीत आहे, आणि तिच्यात आपल्या देशाचे नाव आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

समजा, अंगणात एका जागी ठिपका होता, तो आता दिसत नाही, पण वेगवेगळ्या दिशांनी त्याची सावली कुठे पडली ते तुम्हाला माहीत आहे. मग प्रत्येक सावलीपासून मागे सरळ रांगोळीचा पट्टा ओढत न्या. असे दहा-वीस पट्टे ओढले की जिथे सगळे एकमेकांना छेदतात तिथे रांगोळी दाट पडते. ठिपका सापडला! पण एक अडचण होते. प्रत्येक पट्ट्याची रांगोळी वाटेतही सांडलेली असते, त्यामुळे ठिपक्याभोवती धूसर वलय उरते. चित्र पुसट येते, जसे पुसून काढलेल्या पाटीवर खडूचे राहते.

यावर उपाय असा, की पट्टा ओढण्याआधीच प्रत्येक सावलीच्या दोन्ही कडांना ठरावीक मापाने थोडे ‘उणे’ मांडायचे. एकीची जादा सांडलेली रांगोळी दुसरीच्या उण्यात फिटते नि वलय विरून ठिपका स्वच्छ उरतो. हे ‘उणे’ किती नि कसे मांडायचे, त्याची सुटसुटीत रीत 1971 मध्ये जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या दोघांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत प्रसिद्ध केली. आधीच्या लांबलचक गणिताऐवजी त्यांच्या रीतीने काम फार थोड्या वेळात होई. रामचंद्रन म्हणजे मद्रास विद्यापीठात 1954 मध्ये आपल्या कातडीतल्या नि हाडांतल्या कोलॅजेन या पदार्थाची तिपेडी रचना उलगडणारे शास्त्रज्ञ. तिपेडी म्हटले की आपल्याला वेणीच आठवते, नाही का? पुढे कितीतरी वर्षे जगभरच्या सी.टी. यंत्रांतून याच जातीची रीत चालत आली, आणि त्या गाळणीला आजही दोघांच्या नावांवरून ‘राम-लॅक’ म्हणतात. नोबेलच्या यादीत ही नावे नाहीत, पण आपल्या घरातल्या कुणाचा स्कॅन झाला असेल तर यांच्या विचाराचा हात त्याला लागला असण्याचा संभव फार मोठा.

हेच गणित खोडदच्या माळावर

तुम्ही म्हणाल, हे सगळे मद्रास-लंडनचे झाले, आपल्या महाराष्ट्राचे काय? तर ऐका. सावल्यांच्या पट्ट्यांवरून चित्र करायची गरज डॉक्टरांच्याही आधी आकाश पाहणाऱ्यांना पडली होती. सूर्याकडून रेडिओ लहरीही येतात, पण त्या टिपणाऱ्या तबकड्यांच्या रांगेला सूर्य पट्ट्यापट्ट्यांनीच दिसतो. पृथ्वी फिरते तसा पट्ट्यांचा कोन बदलतो. मग साऱ्या कोनांचे पट्टे जुळवून सूर्याचे चित्र करायचे. ऑस्ट्रेलियात 1950 नंतरच्या वर्षांत हे केले गेले, तेव्हा गोविंद स्वरूप नावाचा भारतीय तरुण तिथे शिकत होता. पुढे अमेरिकेत ज्या ब्रेसवेल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली, त्यांनीही 1967 मध्ये एका सहकाऱ्याबरोबर पट्ट्यांवरून चित्र काढायची अशीच झटपट रीत आकाशासाठी मांडली होती.

ऑस्ट्रेलियातल्या त्याच सहा-सहा फुटी 32 तबकड्या भारताला भेट मिळाल्या आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेल्या स्वरूपांनी 1965 मध्ये त्या उभ्या केल्या कुठे, तर आपल्या मुंबईजवळच्या कल्याणला! नंतर पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला त्यांनीच 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची प्रचंड दुर्बीण उभारली. तिथेही थेट फोटो निघत नाही. आकडे जमवून, अवघे आकाशाचे चित्र गणितानेच करतात. 2020 च्या सप्टेंबरात स्वरूप पुण्याला वारले. अष्टविनायकाला ओझर-लेण्याद्रीला जाल तेव्हा या बाजूने जाताना मुलांना जरूर सांगा, की आजीचे डोके नि आकाशातले तारे पाहायचे गणित एकमेकांचे सख्खे भावंड आहे.

चमकी अडली

आता पुन्हा आमच्या आत्यांकडे येते. स्कॅनच्या खोलीबाहेर त्यांना कुड्या, केसांतल्या पिना, कवळी, गळ्यातले सगळे काढायला सांगितले. बाकीचे निघाले, पण नाकातली चमकी अडली. चाळीस वर्षांत फिरकी निघालेली नव्हती. आणि त्या झोपेच्या गुंगीतसुद्धा आत्यांनी नाकावर हात धरला. “मोकळ्या नाकानं कशी जाऊ गं? सवाष्ण हाय मी.”

माझ्या डोळ्यांत पाणी आले. एवढ्यात मामंजी पुढे झाले नि म्हणाले, “काढ की. मी हाय न्हवं हितंच?” आत्यांनी हात खाली घेतला. माझ्या पर्समध्ये खोबरेल तेलाची छोटी बाटली होती. दोन थेंब सोडून पाच मिनिटांनी फिरकी फिरली.

आतल्या तंत्रज्ञ मुलाला मी मागाहून विचारले, एवढ्याशा चमकीने असे काय बिघडते? तो म्हणाला, “ताई, धातूमागे किरण पोचतच नाहीत, म्हणजे तिथली बेरीजच खोटी येते. संगणक ती खरी धरून चित्रभर वाटतो, मग ताऱ्यासारख्या पांढऱ्या-काळ्या रेघा उठतात.” आमच्या लाडवांच्या कोड्यात एक बेरीज मुद्दाम चुकवून पाहा. चूक एका डब्यात राहत नाही, चारही डब्यांत पसरते. माणूस हलला तरी तेच, कारण एका कोनाची सावली एका डोक्याची नि दुसऱ्या कोनाची जणू दुसऱ्याच.

चित्रात आत्यांच्या कवटीच्या आत उजव्या बाजूला काळपट कोयरीसारखा पट्टा दिसला. जुने, पातळ झालेले रक्त. पडल्यावर एखादी बारीक शीर तुटून ते आठवड्यांनी साचत गेले होते नि मेंदूला दाबत होते. म्हणून डावा पाय, म्हणून चप्पल. म्हातारपणी मेंदू थोडा आकसतो, त्यामुळे असे साचायला जागा असते आणि कळायला वेळ लागतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्यांना धोका जास्त. डॉक्टरांनी कवटीला छोटे भोक पाडून रक्त काढून टाकले. दुसऱ्या दिवशी आत्यांनी डोळे उघडून नातीला तिच्याच नावाने हाक मारली, आणि मला विचारले, “चमकी कुठाय?”

मग उठसूट स्कॅन करायचा का?

नाही हो! हीसुद्धा दुसरी बाजू समजून घ्या. डोक्याच्या एका सी.टी. स्कॅनमध्ये साधारण 2 मिलिसीव्हर्ट किरणमात्रा मिळते. माती, आकाश, अन्न यांतून आपल्याला वर्षभरात आपोआप मिळते ती जगाच्या सरासरीने 2.4. म्हणजे डोक्याचा एक स्कॅन हा जवळजवळ वर्षाच्या नैसर्गिक मात्रेएवढा. छातीच्या नि पोटाच्या स्कॅनला त्याहून जास्त, तर छातीच्या साध्या एक्स-रेला त्याच्या अगदी अल्पांश. गरज असेल तेव्हा ही किंमत काहीच नाही. आत्यांच्या बाबतीत ती जिवाच्या मोलाने वसूल झाली. पण नुसत्या शंकेपायी, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर विशेषच, आग्रह धरू नये. कोरोनात अनेकांनी लक्षणे सौम्य असताना पुन्हा पुन्हा स्कॅन करून घेतले, ते टाळता आले असते.

इथेही गणितच कामी येते. कमी किरण वापरले की आकड्यांत खरखर वाढते नि चित्र वाळू टाकल्यासारखे येते. ती जुनी अंदाज-दुरुस्तीची रीत, जी संगणक दमतात म्हणून मागे पडली होती, ती वेगवान संगणक आल्यावर गेल्या पंधरा-एक वर्षांत परत वापरात आली. तिने थोड्या किरणांत स्वच्छ चित्र मिळते. आता तर चित्रे पाहून शिकलेले संगणकही खरखर पुसायला मदत करतात. तरी लक्षात असू द्या, की ते चित्र म्हणजे हिशेब आहे, आरसा नव्हे. तो वाचायला जाणता डॉक्टर हवाच.

लक्षात ठेवा

डोक्याला मार लागल्यावर एक्स-रे चांगला आला तरी पुढचे दोन-तीन महिने वडीलधाऱ्यांवर लक्ष ठेवा. विसरभोळेपणा एकदम वाढणे, झोप, डोकेदुखी, एक पाय ओढणे, चप्पल निसटणे, हातातून वस्तू पडणे, यांतले काही दिसले तर ‘वय झाले’ म्हणू नका. डॉक्टरांना पडल्याची तारीख सांगा. स्कॅन करायचा की नाही ते तेच ठरवतील.

स्कॅनला निघताना दागिने घरीच ठेवा. नाकातली चमकी, कानातली कुडी वर्षातून एकदा तरी फिरवून सैल करून ठेवा. ऐन वेळी खोबरेल कामी येते.

दिवस गेले असतील, किंवा पाळी चुकली असेल, तर संकोच न करता आधी सांगा.

शिरेतून औषध देऊन स्कॅन करायचा असेल तर किडनीचा विकार, मधुमेहाच्या गोळ्या, औषधाची अ‍ॅलर्जी हे सारे आधी सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

श्वास धरायला सांगितला तर धरा, हलू नका. काही सेकंदांचाच प्रश्न असतो.

जुन्या फिल्म, सी.डी. नि रिपोर्ट तारीख घालून एका पिशवीत जपा. जुने चित्र हाताशी असले तर कधी कधी नव्याची गरजच पडत नाही.

सी.टी. यंत्र चालवायला मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. केंद्रात तो आहे का, हे विचारण्यात कमीपणा नाही.

आत्या आता पूर्वीसारख्या अंगणात रांगोळी घालतात. परवा मी त्यांना पट्ट्यांची गंमत काढून दाखवली. बराच वेळ पाहून म्हणाल्या, “म्हंजे माझ्या डोक्यात कुणी हात घातला न्हाई, नुसत्या सावल्या मोजल्या?” मी म्हटले, “हो, आत्या.” त्या हसल्या नि म्हणाल्या, “मग त्या एक्स-रेलाच चार बाजूंनी बघायला सांगायचं हुतं की गं!”

खरेच की. तेवढेच तर सुचायला जगाला 1895 पासून 1971 पर्यंत वाट पाहावी लागली!